पांढरी चारचा षड्ज

ट्रॉम्बोन हे वाद्य महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे असले, तरी त्याचा स्वतंत्र आवाज फार थोड्यांनी लक्षपूर्वक ऐकलेला असतो. कारण वरातीत असो, पोलीस परेडीत असो किंवा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात असो, चाल वाजविण्याचा मान बहुधा क्लॅरिनेट, ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन यांना मिळतो, आणि ट्रॉम्बोनच्या वाट्याला त्या चालीखालचा भराव तेवढा येतो. नेहमीच्या पितळी वाद्यांत ज्या एकाच वाद्याला दोन स्वरांमधले अंतर अखंड नादाने ओलांडता येते, म्हणजे आपल्या भाषेत ज्याला खरी मींड घेता येते, त्याच वाद्याकडून मींडप्रधान अशा आपल्या संगीताने इतके थोडे मागावे, ही गोष्ट मला दीर्घकाळ खटकत आलेली आहे. बँडसाठी लेखन करणे, लोकांच्या ओठी असलेली चाल घेऊन ती निरनिराळ्या वाद्यांना तपशीलवार वाटून देणे आणि प्रत्येकाच्या पार्टची स्वच्छ नक्कल करून देणे, हा माझा व्यवसाय. आणि त्या व्यवसायात ट्रॉम्बोनच्या ओळी मी ज्या शिरस्त्याने लिहीत आलो, तो शिरस्ता पूर्णपणे बाजूस ठेवण्याची संधी मला एका दिवाळी पहाटेच्या निमित्ताने मिळाली.

आयोजकांची मागणी अशी होती की, कार्यक्रमाचा प्रारंभ निवेदनाने किंवा दीपप्रज्वलनाने न करता केवळ चार ट्रॉम्बोनांवर वाजविलेल्या एखाद्या सर्वपरिचित गीताने व्हावा. तबला नाही, पेटी नाही, झांजही नाही. वादक चौघेही माझ्या ओळखीचे. वयाने सर्वांत वडील ते गोव्याचे. गावच्या चर्चमधील मेस्तांकडे लहानपणी सोल्फेज, म्हणजे स्वरवाचन, गिरवून पुढे त्यांनी मुंबईच्या स्टुडिओंत पुष्कळ वर्षे काढलेली. त्यांना आम्ही सारे 'बाब' म्हणतो. दुसरे सातारकडचे, लष्करी बँडमधून निवृत्त झालेले, पंचमढीच्या लष्करी संगीतशाळेत शिकलेले. तिसरा तरुण, एका ब्रास बँडमध्ये तयार झालेला. आणि चौथे, ज्यांच्यापाशी व्हॉल्व्ह असलेला मोठा बेस ट्रॉम्बोन आहे, ते मितभाषी गृहस्थ, ज्यांच्या श्वासावर पुढे या सगळ्या रचनेचा भार पडावयाचा होता. या चौघांपैकी ब्रास बँडमधला तरुण ट्रेबल क्लेफमध्ये वाचतो, जेथे लिहिलेला स्वर प्रत्यक्षात एक सप्तक आणि एक स्वर खाली वाजतो, आणि बाकीचे तिघे बेस क्लेफमध्ये, जसे आहे तसे, वाचतात. तेव्हा तालमीत कोणी कोणाचाही पार्ट उचलून वाजवू शकावा म्हणून तिन्ही टेनर पार्टांच्या दोन-दोन नकला करणे भागच होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम कारकुनी वाटेल. पण ज्या वेळी आपण तोच स्वर दोन लिप्यांत हाताने उतरवितो, त्या वेळी त्या स्वराच्या आवश्यकतेविषयी आपली दोनदा खात्री पटवून घ्यावी लागते, आणि म्हणून नकलेचे काम मी कधीही दुसऱ्यावर सोपविलेले नाही.

गीत मी निवडले ते 'घनश्याम सुंदरा'. शब्द शाहीर होनाजी बाळाचे. १९५१ सालच्या 'अमर भूपाळी' या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटासाठी त्याला संगीत दिले वसंत देसाई यांनी, आणि गायिले पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांनी. पहाटेच्या कार्यक्रमाला भूपाळी हवी, हे तर उघडच आहे. परंतु माझ्या निवडीचे कारण तेवढेच नव्हते. हे गीत भूप रागाच्या अंगाने जाते, आणि भूपात स्वर पाचच: षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम, धैवत. मध्यम आणि निषाद वर्ज्य. ज्याला एका चालीला चार स्वतंत्र ओळींत मांडावयाचे आहे, त्याच्यापुढे या दोन वर्ज्य स्वरांनी जो प्रश्न उभा राहतो, त्याच्याशी एकदा मनसोक्त झटावे, अशी माझी जुनी इच्छा होती. शास्त्राप्रमाणे भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग आणि सकाळच्या अंगाला तेच पाच स्वर धैवतावर भर देणाऱ्या देशकाराच्या रूपाने येतात. तरीही मराठी माणसाच्या मनात हे गीत पहाटेला इतके जडून बसले आहे की तेथे कालनियमाचा आग्रह धरणे मला औचित्याचे वाटत नाही.

प्रथम पट्टीचा प्रश्न आला, आणि सांगण्यासारखे बहुतेक सगळे या एका प्रश्नातच आहे. आयोजकांची इच्छा होती की आमचे वादन काळी तीनवर, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला षड्ज मानून, व्हावे, कारण त्यानंतर लगेच गाणाऱ्या गायिकेची पट्टी ती होती, आणि आमच्या शेवटच्या षड्जातच तिचा पहिला षड्ज मिसळून जावा ही त्यांची कल्पना खरोखर सुंदर होती. मी त्याप्रमाणे मुखड्याचा मसुदा करून बाबांच्या हाती दिला. त्यांनी तो शांतपणे वाजविला, षड्जावरून धैवतावर येणाऱ्या जागेवर थांबले, तीच जागा पुन्हा वाजविली, आणि म्हणाले, "सूर येता मास्तर, पूण मदींच तुटता."

ते का तुटते, हे समजून घेण्यासाठी वाद्याची घडण थोडी पाहिली पाहिजे. ट्रॉम्बोनची स्लाइड पूर्ण आत घेतली, तर त्या नळीतून ओठांच्या ताणानुसार काही ठरावीक स्वरच निघतात: मूळ स्वर, त्याचे सप्तक, त्यावरचा पंचम, पुन्हा सप्तक, त्यावरचा गांधार, पंचम, आणि असेच वर. हेच ते स्वयंभू स्वर, जे तानपुऱ्याच्या तारेतूनही उमटतात. स्लाइड एकेक पोझिशन बाहेर नेली की ही सगळी माळ अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली येते. पोझिशनी सात, म्हणजे एका स्वयंभू स्वरावरून, ओठ न बदलता, फार तर सहा अर्धस्वर, षड्जावरून उतरावयाचे तर खालच्या तीव्र मध्यमापर्यंत, उतरता येते. त्याच्या पुढे जावयाचे तर ओठांनी दुसरा स्वयंभू स्वर पकडावा लागतो आणि हात झटकन परत आत आणावा लागतो. आणि त्या क्षणी मींड मोडते. भूपात षड्जावरून धैवतावर आणि पंचमावरून गांधारावर येणाऱ्या मींडी म्हणजे रागाचा प्राण. त्या दोन्हींमध्ये तीन-तीन अर्धस्वरांचे अंतर. काळी तीनचा मधला षड्ज टेनर ट्रॉम्बोनवर पाचव्या पोझिशनवर मिळतो. तेथून तीन पायऱ्या उतरावयाचे तर धैवत आठव्या पोझिशनवर पडतो, आणि आठवी पोझिशन स्लाइडला नाही. ही अडचण बाबांच्या कौशल्याच्या पलीकडची होती. जगातील कोणत्याही वादकाला ती मींड त्या पट्टीत साध्या टेनर ट्रॉम्बोनवर अखंड घेता येणार नाही, कारण नळीची लांबीच तिला परवानगी देत नाही.

तेव्हा मी कागदावर बाराही पट्ट्या मांडल्या आणि प्रत्येकीत या दोन मींडी कोठून कोठे जातात हे तपासले. पांढरी दोन आणि पांढरी पाच यांत षड्ज-धैवताची मींड चौथीवरून सातवीवर जाते. तेथे हात पूर्ण ताणलेला असतो आणि शेवटचा धैवत स्थिर राहील याची शाश्वती नसते. काळी पाच ही पट्टी मात्र केवळ स्लाइडच्या दृष्टीने पाहिल्यास निर्दोष निघाली: दोन्ही मींडी पहिलीवरून चौथीवर, हाताच्या एका सैल हालचालीत. पण त्या पट्टीत अंतऱ्यासाठी लागणारा तार गांधार इतका वर जातो की, पहाटेच्या गारव्यात, पुरेसे न तापलेल्या ओठांनी तो सहज काढावा अशी अपेक्षा कसलेल्या वादकाकडूनही करणे अन्यायाचे ठरले असते. राहिली पांढरी चार. तिच्यात षड्ज-धैवताची मींड पहिलीवरून चौथीवर. पंचम-गांधाराची तिसरीवरून सहावीवर, म्हणजे थोडी लांब, पण पूर्णपणे आवाक्यातली. आणि तार गांधार उंच असला तरी सुखाने गाता येण्याजोगा. एरवी कोणताही वादक तो मधला गांधार दुसऱ्या पोझिशनवरच घेईल, कारण तो तेथे जवळ आणि सोपा मिळतो. म्हणून त्या प्रत्येक ठिकाणी मी पार्टवर स्वराच्या माथ्यावर सहाचा आकडा लिहिला, आणि खाली मींडीची कमान काढली.

पट्टी ठरल्यानंतर जी गोष्ट उघड झाली, तिने मला जो आनंद दिला तो या व्यवसायात वारंवार मिळत नाही. बेस ट्रॉम्बोनला डाव्या अंगठ्याने दाबावयाचा जो व्हॉल्व्ह असतो, तो दाबला की नळीची लांबी वाढून सगळे वाद्य पांढरी चारचे होते. म्हणजे व्हॉल्व्ह दाबून, स्लाइड पूर्ण आत ठेवून, हात किंचितही न हलविता त्या वाद्यातून निघतात ते षड्ज, पंचम, षड्ज, गांधार, पंचम हेच स्वर. आम्ही ज्या पट्टीवर स्लाइडच्या अडचणी मोजत-मोजत येऊन पोहोचलो, त्याच पट्टीत चौथ्या वादकाचे वाद्य स्वभावतःच तानपुरा होते. खर्जाचा षड्ज त्यांनी संथपणे धरला, म्हणजे त्याच्या पाचव्या स्वयंभू स्वराच्या रूपाने वर तार गांधार सूक्ष्मपणे तरंगू लागतो. जाणकार तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकतात तोच तो स्वयंभू गांधार. त्या तालमीच्या दिवशी आम्ही पाचही जण कितीतरी वेळ दुसरे काही न वाजविता तो एक षड्ज ऐकत बसलो होतो.

या गांधाराविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे. पेटीचा किंवा पियानोचा गांधार समविभाजित सप्तकातला. तो षड्जातून सहज उमटणाऱ्या गांधाराहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा असतो. चांगल्या गवयाला तो टोचतो. ट्रॉम्बोनच्या स्लाइडला कोणतेही पडदे नाहीत, खाचा नाहीत. पोझिशन ही केवळ अंदाजाची जागा, तिच्या अलीकडे-पलीकडे स्वर कानाने नेमका करावयाचा. म्हणून मी तालमीतून पेटी कायमची बाहेर ठेवण्याचा आग्रह धरला, आणि पहिल्या तिघांना सांगितले की, षड्ज-गांधार-पंचम एकत्र येतील तेथे गांधार धरणाऱ्याने हात किंचित बाहेर न्यावा आणि स्वरांमधला कंप थांबेपर्यंत ऐकत राहावे. साताऱ्याच्या निवृत्त हवालदारांनी, ज्यांचे सारे आयुष्य पियानोच्या स्वरांशी जुळविलेल्या बँडमध्ये गेले होते, तो गांधार प्रथम जागेवर बसला तेव्हा वाद्य खाली ठेवले आणि नुसती मान हलविली.

आता वर्ज्य स्वरांकडे येतो. पाश्चात्त्य स्वरमेळाची सारी चाल तीन मुख्य कॉर्डांवर उभी: षड्जाची, मध्यमाची आणि पंचमाची. भूपात मध्यम नाही, म्हणून मध्यमाच्या कॉर्डला पायाच नाही. निषाद नाही, म्हणून पंचमाच्या कॉर्डचा मधला, ओढ निर्माण करणारा स्वर नाही. पाच स्वरांतून पूर्ण त्रिस्वरी कॉर्ड बनतात त्या दोनच: षड्ज-गांधार-पंचम ही उजळ, आणि धैवत-षड्ज-गांधार ही किंचित सावळी. एवढ्या सामग्रीवर गीताचे सगळे चढउतार पेलावयाचे. बाबांचे म्हणणे असे होते की, ओळीच्या अखेरीस एकच एक निषाद तिसऱ्या ट्रॉम्बोनला हळू आवाजात द्यावा. तो चालीत नसेल, कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण षड्जावर परतण्याला अर्थ येईल. ज्या कानांनी बालपणापासून चर्चमधली स्तोत्रे चार आवाजांत ऐकली, त्यांना निषादाशिवायचा विसावा अपुरा वाटावा, हे मला पूर्णपणे समजत होते. आम्ही तो निषाद लिहून वाजवून पाहिला. परिणाम विलक्षण होता: सूर गोड होता, कॉर्ड निर्दोष होती, आणि त्या एका क्षणात भूप नाहीसा होऊन तेथे एक सुंदर प्रार्थनागीत उभे राहिले होते, जे होनाजीचे नव्हते. बाबांनीच पेन्सिल घेऊन तो स्वर खोडला. चारही पार्टांत, पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, मध्यम आणि निषाद यांना मुभा नाही, हा नियम त्यानंतर कोणी वादाचा केला नाही.

मग त्या ठिकाणी काय लिहिले? उत्तर रागातच दडलेले होते. भूपाच्या सप्तकात कोणत्याही स्वरापासून दोन पायऱ्या खालचा स्वर सोबतीला घेतला, तर गांधाराखाली षड्ज येतो, आणि बाकी सर्व जोड्यांत, पंचमाखाली ऋषभ, धैवताखाली गांधार, षड्जाखाली पंचम, ऋषभाखाली धैवत, षड्ज-मध्यम भावाचे अंतर पडते. ज्या रागात मध्यम हा स्वर नाही, तो राग षड्ज-मध्यम भावाने असा ओतप्रोत भरलेला आहे, हे मला त्या कागदावर प्रथम इतके स्पष्ट दिसले. दुसऱ्या ट्रॉम्बोनला मी चालीच्या दोन पायऱ्या खालून, हीच अंतरे राखीत, तिच्या बरोबरीने चालविले. परंतु सर्वत्र नाही, कारण सतत सोबत ठेवली की चालीचे एकटेपण जाते, आणि या गीताच्या मुखड्यात ते एकटेपण मोलाचे आहे. मुखडा पहिल्यांदा बाबांनी एकट्याने, केवळ खालच्या षड्जावर वाजवावयाचा, दुसऱ्यांदा सोबत. मूळ गीत स्त्री आणि पुरुष अशा दोन कंठांतले आहे, म्हणून अंतरा मी दुसऱ्या ट्रॉम्बोनकडे, म्हणजे हवालदारांकडे दिला आणि पहिल्याला तेथे विसावा दिला. चालीवरची मालकी एकाच वादकाकडे ठेवण्याची जी सवय बँडमध्ये असते, ती चार समान वाद्यांच्या मेळात फार घातक आहे; ओठ थकतात हे एक कारण, आणि ज्याने चाल वाजविलेली नाही त्याला तिची सोबतही मनापासून करता येत नाही, हे त्याहून मोठे कारण.

खालच्या दोन पार्टांत खर्ज-मंद्राच्या भागात मी गांधार कोठेही लिहिला नाही. ट्रॉम्बोनच्या खालच्या पट्ट्यात जवळजवळचे स्वर एकत्र वाजले की नाद गढूळ होतो. तेथे षड्ज, पंचम आणि सप्तक एवढेच शोभतात, आणि गांधार-धैवतांची दाटी वरच्या दोघांनी करावी. आधाराचा स्वर अखंड राहावा म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या वादकांच्या श्वासाच्या जागा मी मुद्दाम वेगवेगळ्या लिहिल्या. खर्जाचा स्वर हवा फार खातो, म्हणून तो प्रत्येक वेळी मृदू आघाताने उघडून हळूहळू मावळू द्यावयाचा आणि तो पुरता मावळण्यापूर्वी दुसऱ्याने पंचम उघडावयाचा. तानपुऱ्याच्या तारा एकामागून एक झंकारतात आणि एकीच्या विरण्यात दुसरीचा उगम होतो, त्याचीच ही व्यवस्था. त्या तरुण वादकाला हा तिसरा पार्ट मिळाला होता, आणि त्याच्या वयाला चमकण्याची हौस असणे साहजिक. तरीही त्याने तो पार्ट ज्या एकाग्रतेने वाजविला, तिच्याबद्दल मला त्याचे कौतुक वाटते.

मूळ गायनातल्या हरकती आणि मुरक्या मी बहुतेक सोडून दिल्या. स्लाइडवर त्या वाजत नाहीत असे नाही. पण त्या पुसट होतात, आणि पुसट मुरकी ही मुरकी नसण्यापेक्षा वाईट. त्याऐवजी शब्दांकडे अधिक लक्ष दिले. वाद्याला शब्द नसतात, पण जिभेचा आघात असतो; घोष व्यंजनाने स्वर सुरू होत असेल तेथे 'द'सारखा मऊ आघात, कठोर व्यंजनापाशी 'त', आणि स्वराला स्वर जोडून येत असेल तेथे आघात नाही. ट्रॉम्बोनवर दोन भिन्न स्वयंभू स्वरांत जाताना आघात न करताही स्वर स्वच्छ सुटतो, पण एकाच स्वयंभू स्वरावर पोझिशन बदलताना आघात नसेल तर मींड आपोआप येते. म्हणून नको तेथे मींड टाळण्यासाठी आणि हवी तेथे राखण्यासाठी मला प्रत्येक स्वराच्या पोझिशनचा हिशेब ठेवावा लागला. चौघांनाही मी गीताचे शब्द कागदावर लिहून दिले होते आणि तालमीच्या आरंभी ते म्हणावयास लावले होते. बाबांनी ते रोमन लिपीत स्वतः उतरवून घेतले.

चार ट्रॉम्बोनांचा हा मेळ युरोपात फार जुना आहे. बीथोव्हेनने १८१२ साली लिंझ येथे, मृतात्म्यांच्या स्मरणदिनासाठी, तेथील कॅथेड्रलच्या संगीतप्रमुखाच्या विनंतीवरून चार ट्रॉम्बोनांसाठी तीन लहान रचना लिहिल्या. १८२७ साली व्हिएन्नात त्याच्याच अंत्यविधीच्या वेळी त्यांतील रचनांना शब्द देऊन त्या गायिल्या-वाजविल्या गेल्या. मोरेव्हियन पंथाच्या लोकांत तर ट्रॉम्बोनवादकांचे जथे हीच धर्मसंगीताची रीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे अशी परंपरा १७५४ पासून चालत आली आहे, आणि ईस्टरच्या दिवशी सूर्योदयापूर्वी वाजवून लोकांना उठविणे हे तिचे एक ठरलेले कर्तव्य आहे. या वाद्याचा आणि पहाटेचा संबंध इतका जुना आहे, हे मी चौघांना सांगितले तेव्हा बाबांनी आपल्या गावच्या फेस्ताच्या दिवशी अंधार असतानाच वाजणाऱ्या बँडची आठवण काढली. आपल्याकडे भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना समान मानाने एकत्र आणण्याचा फार मोठा प्रयत्न गोव्याच्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात केला. मुंबईच्या चित्रपटसंगीताचे लेखन करणाऱ्या त्या पिढीतल्या कित्येक गोमंतकीयांची नावे तबकड्यांवर कधी छापली गेली नाहीत. माझ्यासारख्या प्रत्येक लेखकाने त्यांचे ऋण मानले पाहिजे, आणि मी ते मानतो.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानावर गारवा होता. थंडीत पितळी वाद्यांचा स्वर उतरतो. म्हणून चौघेही पुष्कळ आधी येऊन वाद्यांतून नुसती ऊब फुंकीत बसले होते, आणि पेटीशी जुळविण्याचे बंधन नसल्यामुळे ते एकमेकांशी जुळले की पुरे होते. गायिकेने आमची अडचण आधीच समजून घेतली होती. तिने आमच्या शेवटच्या स्वरानंतर निवेदनाला थोडा अवधी देऊन मग आपला तानपुरा काळी तीनवर उघडावयाचे मान्य केले होते. बाबांनी मुखडा एकट्याने उचलला; षड्जावरून धैवतावर आले ते अखंड. दुसऱ्या फेरीला प्रेक्षकांतून कोठून कोठून शब्द ऐकू येऊ लागले, आणि अंतऱ्यात, जेथे सोबतीला धैवत-षड्ज-गांधार ही सावळी कॉर्ड प्रथम येते, तेथे पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध बाईंनी गाणे थांबवून केवळ ऐकणे पसंत केले. या रचनेतले माझ्या मते सर्वांत चांगले स्थळ तेच, आणि ते वादकांनी उत्तम वाजविले. तार गांधार दुसऱ्या अंतऱ्यात किंचित कमी पडला. गारव्याचा तो परिणाम होता, आणि पांढरी चार सोडून अधिक उंच पट्टी घेतली असती तर काय झाले असते, याचा अंदाज त्यावरून येतो.

आपल्या गावोगावच्या बँडांच्या कपाटांत ट्रॉम्बोन पडलेले आहेत, आणि ते वाजविणारे लोकही आहेत. लग्नसराई संपली की त्या दोघांनाही काम नसते. ज्यांच्या हाती असे तीन-चार वादक असतील, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपली गीते घ्यावीत, भावगीते घ्यावीत, अभंग घ्यावेत, आणि ती केवळ या वाद्यासाठी बसवावीत. मात्र पट्टी ठरविताना पेटीकडे किंवा गायकाकडे पाहण्यापूर्वी त्या गीतातली सर्वांत महत्त्वाची मींड कोणती ते ठरवून ती स्लाइडवर कोठून कोठे जाते हे आधी मोजावे. 'घनश्याम सुंदरा'चे माझे चारही पार्ट तयार आहेत, तिन्ही टेनर पार्ट दोन्ही लिप्यांत. ज्या वादकांना ते वाजविण्याची इच्छा असेल, त्यांनी माझ्याकडून नक्कल करून न्यावी.